पंचाक्षरीचे गव्हले

कल्याणप्पा अंघोळीला बसले, तोंडावर पाणी घेतलं, डोळे मिटून साबणासाठी हात लांबवला आणि त्यांच्या हातात दाढ आली.

दाढ वरच्या जबड्यातली होती. चांगली तीन मुळांची, वर खाचाखळगे कोरलेली. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत साबण मिळणं मुश्कील. धाराशिवच्या बाजारातून कशीबशी एक वडी यायची आणि सगळं घर ती जपून लावायचं. त्या वडीची दाढ झाली होती.

"इरम्मा," कल्याणप्पा मोरीतूनच म्हणाले, "ह्या दाढेनं पाठ घासायची, का पाठीनं दाढ घासायची, इचार तुझ्या पोराला."

"तुमचं बी हाय ते. तुमीच इचारा," इरम्मा चुलीपासून म्हणाली.

पोरगं, म्हणजे पंचाक्षरी, तेव्हा घराच्या सपाट छतावर, माळवदावर बसून डाव्या हातानं सुईत दोरा ओवत होता. ओवला की काढायचा, काढला की पुन्हा ओवायचा. त्याच्या बोटांना चैन नव्हतं. गेल्या साली कल्याणप्पांची दाढ काढायला तो त्यांच्याबरोबर सोलापूरला गेला, आणि तिथल्या दातांच्या डॉक्टरची खाली-वर होणारी खुर्ची आणि चकचकीत हत्यारं बघून कायमचा बिघडून आला. धाराशिवच्या शाळेतून तो उर्दूत मॅट्रिक झाला होता. बेंबळीच्या त्या गल्लीत एवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. आता त्याला मुंबईला जाऊन दातांचा डॉक्टर व्हायचं होतं.

सोलापूरचे डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले होते, "पुस्तकं कुणीही पाठ करतं. तोंड असतं एवढंसं, त्यात बोटं चालली पाहिजेत. घरी फुकटात होईल ते कर. खडू कोर, साबण कोर, सुई ओव. मृगाच्या आधी मी मुंबईला जाणार आहे. त्याआधी येऊन हात दाखव. पसंत पडला तर तिथल्या कॉलेजात माझ्या गुरूला सांगतो."

कल्याणप्पांनीही शब्द दिला होता. डॉक्टरनं हात पसंत केला तर जा, नाहीतर मृगापासून घरच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बस. गल्ल्यावर बसायचं म्हणजे जन्मभर तेच ते. गूळ, मीठ, घासलेट, पुन्हा गूळ.

शाळेच्या मास्तरांनी खडू देणं कधीच बंद केलं होतं. आता साबणही गेला. पंचाक्षरी घरभर येरझाऱ्या घालू लागला. हाताला काही नसलं की तो दाराची कडी खालीवर करायचा, खाटेच्या सुतळीच्या गाठी सोडायचा आणि पुन्हा मारायचा. त्या खाटेवर रात्री कल्याणप्पा एका अंगानं खाली गेले, तेव्हा शांताक्काला राहवलं नाही.

शांताक्का कल्याणप्पांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडंच होती. ती म्हणाली, "खाट मोडून कुणी डॉक्टर झालंय का रं? बारीकच काम पायजे तर गव्हले कर. जिऱ्याएवढा गव्हला वळून दाखव, मग दाताचं बघू."

गव्हले म्हणजे रव्याचे. दुधात घट्ट भिजवलेल्या रव्याची चिमटीत मावेल एवढी गोळी घ्यायची आणि अंगठा-बोटानं अशी वळायची की दोन्ही टोकं अणकुचीदार आणि मध्ये किंचित फुगीर. तांदळापेक्षा बारीक झाला तर हात चांगला. वाळवून ठेवायचे, मग त्यांची खीर करायची. हे सगळं बायकांचं काम.

पहिल्या दिवशी पंचाक्षरीनं जे केलं ते बघून शांताक्का म्हणाली, "उंदरं झालीत वाटतं घरात, लेंड्याच लेंड्या." दुसऱ्या दिवशी तिनं दोन-चार उचलून निरखून बघितले. आणि आठवडा व्हायच्या आत त्याचे गव्हले असे उतरू लागले की तिनं स्वतःचे पदराआड लपवले. एकसारखे, जिऱ्यापेक्षा नाजूक. कोठीघराचं दार लावून तो सकाळपासून बसायचा. दुकानातला रवा थोडा थोडा आत येत होता आणि इरम्मा तिकडं काणाडोळा करत होती. निदान साबण तरी शाबूत होता.

घोटाळा झाला तो वाळवण्यात. शांताक्कानं गव्हले माळवदावर धोतर अंथरून वाळत घातले. शेजारचं माळवद नागूबाईचं. नागूबाई मिरच्या उलथायला वर आली आणि मिरच्या विसरून खाली गेली. थेट इरम्माच्या दारात.

"इरम्मा, गव्हले वाळू घातलेत जणू."

"घातलेत थोडे."

"लगीन कुणाचं?"

"कुणाचं न्हाय बाई. असंच."

"असंच?" नागूबाई उंबऱ्यावर बसली. "गहू दिसंना झालाय बाजारात, आन् तू असंच गव्हले करतीस व्हय?"

आता त्या मुलखात लगीन असल्याशिवाय एवढे गव्हले कुणी करत नसे. दारात मांडव येणार, म्हणून सवाष्णी जमणार, म्हणून गव्हले. ज्याच्या माळवदावर गव्हले, त्याच्या घरात कार्य, हे पोरासोरांनाही कळायचं. इरम्माला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे, आमचं मॅट्रिक झालेलं पोरगं दार लावून बायकांसारखं गव्हले वळत बसतंय, असं सांगायचं. मग त्याला पोरगी कोण देणार? इरम्मानं खाली बघितलं. नागूबाईनं त्या खाली बघण्याचा अर्थ लावला. त्या घरात लग्नाचं एकच माणूस होतं.

"ठरल्याबिगर सांगायचं न्हाय म्हणा की. बरंय. म्या कुणाला बोलत न्हाय," नागूबाई म्हणाली आणि बोलायला निघून गेली.

रात्री कल्याणप्पा बायकोवर उखडले. "सांगून टाकायचं हुतं सरळ, पोरानं केले म्हणून."

"तुमी सांगा की. सगळं गाव येतं तुमच्या दुकानात."

कल्याणप्पांनी मनातल्या मनात एका गिऱ्हाइकाला सांगून बघितलं. मग कूस बदलून म्हणाले, "जाऊ दे. चार दिवसांत इसरतील लोक."

लोक विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नागूबाईच्या मागं गल्लीतल्या साताठ सवाष्णी आपापले पाट काखेत मारून आल्या. "तू बोलीवलं न्हाईस, पर आमी काय परक्या हाव का?" असं म्हणत त्या ओसरीवर बसल्या, शांताक्कानं भिजवलेला रवा त्यांनी पुढं ओढला, आणि गाणं सुरू झालं. गाण्यात पंचाक्षरीचं नाव घालायलाही त्या चुकल्या नाहीत.

नवरदेव कोठीघराच्या दाराआड उभा राहून फटीतून बघत होता. त्याची जागा गेली, रवा गेला, आणि वर असले गव्हले बघावे लागत होते. नागूबाईचा एकेक गव्हला हरभऱ्याएवढा पडत होता. पंचाक्षरीची बोटं हवेतच वळत होती.

"टोक न्हाय त्याला," तो पुटपुटला.

"गप," शांताक्का त्याच्या मागून म्हणाली.

बातमी मग बेंबळीत मावली नाही. तेरखेड्याहून शोभेची दारू करणारा रामकिसन डोक्यावर टोपली घेऊन आला. वरातीला झाडं किती, चक्रं किती, विचारू लागला. "लढाई हाय, माल मिळत न्हाय, पर तुमच्यासाठी ठिवलाय," म्हणाला. त्याला वाटेला लावेपर्यंत दारात धाराशिवपलीकडच्या वाशीची बैलगाडी येऊन थांबली.

गाडीतून उतरले हणमंतप्पा. वाशीच्या पेठेतले मोठे व्यापारी. मिशा झुपकेदार, बोलणं तोलून मापून. बायको जाऊन काही वर्षं झाली होती आणि सिद्धम्मा नावाची उपवर मुलगी घरात होती. मागं एकदा बाजारात तिच्याविषयी बोलणं निघालं, तेव्हा कल्याणप्पा "उन्हाळ्यात बघू" म्हणाले होते. टाळायला म्हणाले होते. पण उन्हाळा आला होता.

हणमंतप्पांनी बैठकीवर बसून उपरण्यानं घाम पुसला.

"कल्याणप्पा, गव्हले झाले म्हनं."

"झाले थोडे."

"पोरगी कुठली?"

"आदी जेवून घ्या सावकार. उन्हाचं आलाव."

ताट आलं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी. हणमंतप्पांनी भाकरी मोडली, तुकडा उलटापालटा करून बघितला आणि खाली ठेवला. पाणी प्यायले.

"जेवा की."

"भूक न्हाय."

कल्याणप्पांनी मनात हिशोब मांडला. इतक्या लांबून आलेला माणूस, आणि घरच्या भाकरीला शिवत नाही. एवढा राग. उद्या हा वाशीच्या भरल्या पेठेत सांगणार, मला शब्द दिला आणि दुसरीकडं गव्हले वळले. ताटातली भाकरी तशीच पडलेली बघून कल्याणप्पांचा धीर सुटला.

"सावकार, तुमाला कुणी काय सांगितलं ठावं न्हाय, पर पोरगी तुमचीच. दुसरी कुठली असंल?"

दाराआड पंचाक्षरीच्या बोटात सुई गेली.

हणमंतप्पांचा चेहरा सैल झाला. पण भाकरी तशीच. इरम्माला वाटलं, राग अजून थोडा उरलाय. तिनं घाईघाईनं गूळ घालून गव्हल्याची खीर केली. हणमंतप्पांनी वाटी उचलली ती संपवूनच ठेवली. मग दुसरी. मग मिशा पुसून तिसरी. मग विचारलं, "गव्हले कुणाच्या हातचे?"

इरम्मानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं आढ्याकडं बघितलं.

"आमच्या नणंदंच्या," इरम्मा म्हणाली. "शांताक्काच्या."

हणमंतप्पांनी आतल्या दाराकडं एक नजर टाकली. शांताक्कानं पदर पुढं ओढला.

मठाच्या स्वामींनी मुहूर्त काढला तो मृगाच्या तोंडावरचा. म्हणजे डॉक्टर ज्या आठवड्यात मुंबईला निघणार, नेमका तोच. पंचाक्षरी बापाच्या मागं मागं हिंडू लागला. दुकानात, मोरीपर्यंत, परसात.

"अप्पा, मला लगीन करायचं न्हाय. मला सोलापूरला हात दावायचाय."

"जायचंच हाय सोलापूरला. लग्नाचं कापड आणायला."

"त्यांना खरं सांगा ना."

"काय सांगू? गव्हले पोरानं केले? त्यात लाज वाटत नसंल तर तूच सांगून ये गावात."

"सांगतो."

पंचाक्षरी तरातरा नागूबाईच्या दारात गेला. नागूबाई कौतुकानं म्हणाली, "काय रं नवरदेव?" पंचाक्षरीनं तोंड उघडलं, मिटलं, काडेपेटी मागितली आणि ती घेऊन परत आला.

चार दिवसांनी हणमंतप्पा पुन्हा आले, देण्याघेण्याचं पक्कं करायला. बोलणं लवकर संपलं. तरी ते उठेनात. उपरण्याचं टोक चाचपत बसले.

"कल्याणप्पा, अजून एक हुतं. पोरगी हिकडं आली की माझ्या घरात मी एकटाच. आपल्यात उडकीची चाल हाय. तुमची बहीण... त्यांच्या हातची खीर खाल्ल्यापासून दुसरं काय गोड लागंना."

आत शांताक्कानं पंचाक्षरीचं मनगट धरलं. उडकी म्हणजे दुसरं लग्न. ते त्यांच्यात चालायचं. पण इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मेले की रं," ती हळूच म्हणाली. "मला तुझ्यासारखे गव्हले येत न्हाईत."

"मग न्हाय म्हण."

"का म्हणू?" शांताक्का म्हणाली.

पंचाक्षरीनं तिच्याकडं नीट बघितलं. भावाच्या दुकानातला रवा चाळून चाळून तिचा अर्धा जन्म गेला होता. तो फटीतून बाहेर बघत राहिला. बाहेर हणमंतप्पांनी कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून लहानसा पितळी खलबत्ता काढला. त्यात सुपारी टाकून बारीक कुटली आणि तिची पूड तोंडात टाकली.

पंचाक्षरीला एकदम राहवेना. तो दार ढकलून बाहेर आला.

"मामा, सुपारी कुटून खाता?"

"सवय हाय."

"तोंड उघडा बरं."

"पंचाक्षरी," कल्याणप्पा म्हणाले. पण तोवर पोरानं होणाऱ्या सासऱ्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं होतं, आणि देव्हाऱ्यापुढची पळी उलटी करून तिच्या दांड्यानं गाल बाजूला सारला होता. हणमंतप्पा इतके चकित झाले की त्यांनी तोंड उघडंच ठेवलं.

"पुढचे तेवढे हाईत, दावण्यापुरते," पंचाक्षरी आतल्या अंधाराला सांगावं तसा म्हणाला. "मागं सगळं रान मोकळं. वरची एक दाढ हाय, ती बी हलतीया."

कल्याणप्पांनी डोळे मिटले. सोयरीक गेली, बहिणीचं गेलं, वाशीच्या पेठेत तोंड दाखवायची सोय गेली.

हणमंतप्पांनी तोंड मिटलं. मिशीवरून हात फिरवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात बी कुणाला ठावं न्हाय. दुधात भाकरी कुस्करून खातो. लोकांस्नी वाटतं, सावकाराला दुधाची लई हौस."

"म्हंजे त्या दिशी तुमी भाकरी खाल्ली न्हाय ती..." कल्याणप्पा म्हणाले. "रागावला नव्हता तुमी?"

"रागावलो व्हतो की. पर भाकरीवर न्हाय."

कल्याणप्पा त्या जागेकडं बघत राहिले, जिथं ते ताट ठेवलं होतं. एका न चावलेल्या भाकरीपायी त्यांनी पोराचं लग्न ठरवलं होतं.

"दाढा बसिवता येतात," पंचाक्षरी म्हणाला. पळी अजून त्याच्या हातात होती. "मुंबईला शिकिवतात. मापानं करायच्या, मापानं बसवायच्या. मग भाकरी खावा, शेंगा खावा."

"हुरडा?" हणमंतप्पांनी विचारलं. इतक्या हळू विचारलं की कल्याणप्पांना मान वळवावी लागली.

"हुरडा बी."

"मग सोलापूरच्या डॉक्टरकडं जावा की उद्याच," कल्याणप्पा म्हणाले.

"परक्याचा हात? कुणाकुणाच्या तोंडात जाऊन आलेला?" हणमंतप्पांनी मान हलवली. "घरचं माणूस असंल तर गोष्ट येगळी."

घरच्या माणसाचा हातही कुणाकुणाच्या तोंडात जाणार होता. पण पंचाक्षरी ह्यावर काही बोलला नाही. शहाणपणानं गप्प बसायची त्याची ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात आतल्या दाराची कडी वाजली. "अण्णा," शांताक्काचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, पोरगं शिकाया जाणार असंल तर माझी ना न्हाय. जाणार नसंल तर माझं हितं काय वाईट चाललंय?"

हणमंतप्पांनी कुटलेल्या सुपारीकडं बघितलं. "कल्याणप्पा, पोराला पाठवा."

"आन् सिद्धम्मा? मुहूर्त?"

"सिद्धम्मा तेवढी वर्षं थांबायची न्हाय, तिला ठिकाणं कैक मिळतील. दाढा बसिवणारा घरचा माणूस मला कुठं गावायचा?"

पंचाक्षरी सोलापूरला गेला तो कोरलेली दाढ न घेताच. ती घरच्यांनी लावून संपवली होती. फडक्यात बांधलेले गव्हले त्यानं डॉक्टरांच्या टेबलावर ओतले. डॉक्टरांनी भिंग लावलं, एक गव्हला नखावर घेऊन इकडून तिकडून बघितला आणि विचारलं, "हत्यार कुठलं वापरलंस?"

"बोटं," पंचाक्षरी म्हणाला. डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं आणि मुंबईच्या गुरूला चिठ्ठी लिहायला घेतली.

उडकी चार माणसांत, गाजावाजा न करता झाली. नागूबाईला वरातीचं वाईट वाटलं, पण ती गल्लीभर सांगत सुटली, "म्या पहिल्या दिशीच वळखलं हुतं, ह्या घरात लगीन हाय म्हणून." त्यात खोटं काही नव्हतं.

पुढं पंचाक्षरी दर सुट्टीत मुंबईहून आधी वाशीला यायचा आणि मग बेंबळीला. वाशीत आत्या-भाचे दिवसभर दार लावून बसायचे. हणमंतप्पा पेठेत सांगायचे, "आमच्या मंडळीचा हात लई नाजूक. पर त्याला म्हायेरचं माणूस दिसावं लागतं. भाचा आल्याबिगर गव्हला काय वळत न्हाय." सिद्धम्माचं लग्न लातूरकडं झालं. निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचा झेंडा बदलला, आणि पंचाक्षरी डॉक्टर होऊन आला.

हणमंतप्पांच्या दाढा त्यानं स्वतः घासून, पुन्हा पुन्हा बसवून बघून केल्या. बसवल्या त्या दिवशी शांताक्कानं तव्यावरची कडक भाकरी आणि शेंगांची रास पुढं ठेवली. हणमंतप्पांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. कडकन आवाज झाला. ते थांबले, पुन्हा चावले, आणि चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अख्खी भाकरी खाल्ली. मूठभर शेंगा खाल्ल्या. शांताक्कानं दाराला टेकून मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांचं खिरीचं ओझं उतरलं होतं.

मग हणमंतप्पा उठले, चूळ भरली, दाढा बाहेर काढल्या, धुतल्या, कोऱ्या रेशमी फडक्यात गुंडाळल्या आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं.

"का हो काढल्या?" पंचाक्षरीनं विचारलं.

"एवढी बारीक कलाकुसर रोज वापरून झिजवायची व्हय? कार्याला लावीन." मग ते आत वळून म्हणाले, "ऐकलं का, आज खीर करा. डॉक्टर आलाय, तवा तुमचा हात चांगला चालंल."

शांताक्कानं भाच्याकडं बघितलं. पंचाक्षरीनं हत्यारांची पेटी बंद केली, हात स्वच्छ धुतले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.